मधुमेह खरोखर बरा होतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : चहातली साखर सोडली तर मधुमेह जाईल का?

उत्तर : नाही, भात, पोळी आणि भाकरी यांचीही शरीरात साखरच होते.

प्रश्न : मला तीन वर्षांपासून टाइप-२ मधुमेह आहे. वजन घटवल्यास गोळ्या सुटतात, हे खरे का?

उत्तर : काहींच्या बाबतीत खरे आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत, निदान होऊन सहा वर्षे न उलटलेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला, तेव्हा वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्ण गोळ्यांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. दोन वर्षांनी मात्र ३६ टक्केच उरले. वजन परतले की साखरही परतते, म्हणून आम्ही याला ‘बरा झाला’ न म्हणता ‘रेमिशन’ म्हणतो. काही गोळ्यांसोबत असा आहार घेतल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते, तेव्हा आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला टाइप-१ आहे. स्टेम सेलने (इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींनी) इन्सुलिन कायमचे सुटेल असे एक केंद्र सांगते. तोवर इन्सुलिन थांबवून चूर्ण द्यावे, असा नातेवाइकांचा आग्रह आहे.

उत्तर : इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका. टाइप-१ मध्ये इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन न मिळाल्यास रक्तात कीटोन ही आम्लद्रव्ये साचतात, उलट्या आणि पोटदुखी सुरू होते, श्वास खोल व जलद होतो आणि मूल बेशुद्ध पडते. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले, त्याआधी अशी मुले जगत नसत. चूर्णाच्या भरवशावर ठेवलेले मूल अत्यवस्थ झाल्यावरच आमच्यापर्यंत पोहोचते, हे मला सहन होत नाही.

स्टेम सेलबद्दलची आशा खोटी नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून वाढवलेल्या पेशी यकृतात सोडल्यावर वर्षभराने १२ पैकी १० रुग्णांचे इन्सुलिन सुटले होते. परंतु ते सर्व प्रौढ होते, आणि त्या पेशी टिकाव्यात म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. जाहिरात करून पैसे घेणाऱ्या केंद्राच्या दाव्याला या संशोधनाचा आधार मिळत नाही; मधुमेह बरा करण्याची जाहिरात तर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. पैसे भरण्यापूर्वी मुलाच्या बालमधुमेहतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : वजन घटवणारे साप्ताहिक इंजेक्शन औषधाच्या दुकानातून थेट आणावे का?

उत्तर : नाही. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावरच घ्यावे. घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असल्यास ते त्यांना आधी सांगावे.