वळताना मागून कटकट, चिखलात एकच चाक गरगर

प्रश्न : माझी जुनी स्पोर्ट्स कार मागच्या चाकांवर चालते, तिला क्लच प्लेटचा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) आहे, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा, पण एकच चाक गरगरू न देणारा गिअरचा संच. गल्लीत हळू वळताना मागून कटकट येते. पावसात रस्त्याखाली काळ्या मातीत उतरलो, की एकच चाक फिरतं. डिफरन्शियल गेला का? – एक वाचक, लातूर

उत्तर : लगेच उघडू नका. कटकट बहुधा ऑइलमुळे असते: साधं गिअर ऑइल भरलं की प्लेटा सरकण्याऐवजी चिकटतात, सुटतात. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, एलएसडीला चालणारं ऑइल भरा. त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा अलगद सरकाव्यात म्हणून घालायचं द्रव्य) आधीच असेल तर वरून घालू नका. जास्त झालं तर पकड जाते. मग मोकळ्या मैदानात आठच्या आकड्यात सावकाश दहा फेऱ्या मारा.

एकच चाक फिरणं मात्र झिजेचं लक्षण. पुढच्या चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचलून टॉर्क रेंचने (किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या पान्याने) फिरवा. किती जोरावर सुटतं तो आकडा मॅन्युअलशी ताडा. फारच कमी भरला तर प्लेटा बदलाव्या लागतील. एक चाक उचलून इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका, गाडी जॅकवरून उडी मारते!

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. नाहीतर सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहतात.