वाचकांचे प्रश्न : मांजलपूरच्या पार्किंगमधला बँड

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे दोन मित्र रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गिटार, बेस आणि ड्रम घेऊन बसतात. याला पॉप पंक (वेगवान, फाटक्या गिटारचं पण गुणगुणता येईल असं रॉक संगीत) म्हणतात आणि अमेरिकेत हे वाजवणारी पोरं आपल्यासारख्या उपनगरांतूनच मोठी झाली, असं तो सांगतो. सासरे म्युझिक कॉलेजात शिकलेले. ते विचारतात, "हे गाणं आहे की गोंगाट?" दोघांच्या मध्ये मी. अभ्यासाची काळजी आहेच. काय करू?
— एक आई, मांजलपूर, बडोदा

उत्तर : ताई, मुलगा खरं सांगतोय. ब्लिंक-१८२ हा बँड १९९२ साली पोवे इथे जमला. पोवे म्हणजे सॅन डिएगोच्या बाहेरची निवांत वस्ती. गिटारवर टॉम डिलाँग, बेसवर मार्क हॉपस, ड्रमवर स्कॉट रेनर. तालीम व्हायची रेनरच्या झोपायच्या खोलीत आणि पहिल्या कॅसेटीही घरीच भरल्या. वाजवायला कोणी बोलवेना, तेव्हा डिलाँग आसपासच्या शाळांना फोन करायचा आणि मधल्या सुट्टीत वाजवू द्या म्हणून गळ घालायचा. शहरात सोमा नावाचं एक सभागृह होतं. तिथे लहान वयाच्या मुलांनाही आत सोडत, त्यामुळे ऐकणारे त्यांच्याच वयाचे मिळाले. पहिला अल्बम १९९५ साली आला, दुसरा १९९७ साली. मग ट्रॅव्हिस बार्कर ड्रमवर आला आणि १९९९च्या अल्बमने त्यांना जगभर नेलं. लोक १९९९ पाहतात. मला आधीची सात वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण त्या सगळ्या काळात कोणी ना कोणी त्यांना थोडी जागा देत होतं.

ग्रीन डे या बँडचंही तसंच. त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग कॅलिफोर्नियातल्या रोडिओचा. गावाला लागूनच तेलशुद्धीकरण कारखाना, म्हणजे आपल्या रिफायनरीजवळच्या कोयली-उंडेऱ्याच्या पोरांना ते गाव न बघताही कळावं. तिथून ही मुलं बर्कलीला जायची, ९२४ गिलमन स्ट्रीटवर. १९८६च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेली ही जागा कार्यकर्ते चालवतात. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही. नियम सगळ्यांना दिसतील असे लिहिलेले. तिथे वाजवत वाजवत ग्रीन डे घडले आणि १९९४ सालचा त्यांचा अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त खपला. पण मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला गिलमनमध्ये वाजवता येत नसे. करार झाला आणि तो मंच ग्रीन डेला बंद झाला. पुढे २०१५ साली मदतनिधीच्या कार्यक्रमात ते तिथे वाजवू शकले. मला या कडक नियमाबद्दल फार आदर आहे. नाव झालेल्यांनी मंच अडवला नाही, म्हणून मागच्या पोरांना तो मिळत राहिला.

आजोबांना सांगा, बडोद्यातही आधी जागाच झाली होती. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, म्हणून दरबाराबाहेरच्या मुलांना शिकायला दार मिळालं. आजोबा ज्या कॉलेजात शिकले ते त्याच शाळेतून वाढलेलं. मग नातवाला पार्किंगचा कोपरा द्यायला हरकत कसली?

आता गोंगाटाबद्दल, आणि हे आजोबांनाच वाचून दाखवा. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज या संगीतात मुद्दाम फाडलेला असतो. अशा आवाजात सा-ग-प एकत्र छेडले तर गांधारामुळे सगळं गढूळ होतं. म्हणून ही मंडळी गांधार काढून टाकतात. उरतात षड्ज आणि पंचम, वर कधी तार षड्ज. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. पंचमातला तानपुरा लावून जे आजोबा इतकी वर्षं गायले, त्यांना हे स्वर परके नाहीत. गांधार शुद्ध की कोमल, हे गिटार सांगतच नाही. ते काम गायकाच्या गळ्यावर सोडलेलं असतं. अनेक गाण्यांत आधाराचा स्वर सा, प, ध, म असा फिरतो आणि पुन्हा सा-वर येतो. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून बोल दाबायचे आणि धृपदाला हात उचलून आवाज मोकळा सोडायचा, ही यातली खरी कारागिरी. माझे वडील तबला वाजवायचे. दाब-खुलाचा कान मला त्यांच्याकडून मिळाला आणि कारेलीबागेतल्या माझ्या गिटारच्या वर्गात मी पहिल्या महिन्यात तेवढंच शिकवते. आजोबांना एका संध्याकाळी खाली घेऊन जा. मुलांना सा-प धरून ठेवायला सांगा आणि आजोबांना त्यावर एकदा शुद्ध, एकदा कोमल गांधार लावू द्या. रोजचा प्रश्न ते पुन्हा विचारतील असं मला वाटत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर मुलाला डिसेंडंट्स या बँडबद्दल विचारा, त्याला नक्की माहीत असेल. त्यांचा गायक मायलो ऑकरमन १९८२च्या सुमाराला बँड सोडून जीवशास्त्र शिकायला गेला. पीएचडी केली, वनस्पतींवर संशोधन करत बरीच वर्षं नोकरी केली, मधूनमधून परत येऊन गातही राहिला. या संगीताचे जाणकार त्याला आजही मूळपुरुषांपैकी एक मानतात. परीक्षेच्या महिन्यात तालीम आठवड्याला एक करा, असं मुलाला स्पष्ट सांगा. बंद मात्र करू नका. तीन जणांचा जमलेला बँड एकदा मोडला की पुन्हा क्वचितच जमतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीतही असाच बँड आहे. मुलं चांगली आहेत, पण ड्रम तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले, तरी फरक नाही. तक्रार करायला मन होत नाही.
— निवृत्त वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : काका, तुमचा त्रास मला गाण्याइतकाच खरा वाटतो. अंड्यांच्या ट्रेने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. ड्रमसेट सहज १०० डेसिबलच्या वर जातो आणि पायाच्या मोठ्या ड्रमचा ठोका हवेतून कमी, स्लॅबमधून जास्त चढतो. ड्रमच्या खाली जाड रबरी मॅट, त्यावर जुनी गादी घाला आणि मोठ्या ड्रमच्या पोटात उशी कोंबा. रोजचा सराव ड्रमरने घरी रबरी पॅडवर करावा, सगळ्यांनी मिळून वाजवणं आठवड्यातून दोनदा पाच ते सात. नियमही मुलांना माहीत असू द्या : २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

आणि एक विनंती. गणेशोत्सवात तुमच्या मंडळाच्या मंचावर या मुलांना एक तास द्या. तारीख ठरली की पोरं आपोआप शिस्तीत येतात, हे मी माझ्या वर्गात दरवर्षी बघते.

प्रश्न : कॉलेजातल्या बँडमध्ये मुलं मला 'तू फक्त गा' म्हणतात. मला ड्रम वाजवायचा आहे.
— गोत्रीची वाचक, वय १८

उत्तर : मग ड्रमच वाजव. अमेरिकेत टेनेसीतल्या फ्रँकलिन इथे २००४ साली पॅरामोर बँड झाला. रेकॉर्ड कंपनीला गायिका हेली विल्यम्स एकटी हवी होती. ती बँडवर अडून राहिली. पहिला अल्बम आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. काय हवं ते तिने ठरवलं, तसं तूही ठरव. मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिकणारं यंत्र) मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत तीन मिनिटं न घसरता वाजवून दाखव. त्यानंतरही ऐकलं नाही, तर दोन मैत्रिणी गोळा कर आणि वेगळा बँड काढ.

प्रश्न : पॉप पंक मराठीत जमेल का? आम्ही लिहितो ते एकतर नाट्यगीत वाटतं नाहीतर जाहिरात.
— तीन मित्र, सुभानपुरा

उत्तर : जमेल. लय मिनिटाला १७०-१८० ठोक्यांच्या आसपास असते, म्हणून जोडाक्षरांनी भरलेले लांब शब्द तोंडात अडकतात. घरी बोलता तेच शब्द घ्या. धृपदाची ओळ आ, ए किंवा ओ-वर संपवा, म्हणजे तिघांना मिळून ओरडता येईल. मध्ये गुजराती शब्द आला तर येऊ द्या, आपण बोलतोच तसं.

विषय तुमच्या रस्त्यावरचा हवा. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी शाळा, घरातली भांडणं आणि रिकाम्या दुपारी लिहिल्या. तुमच्याकडे मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांची पाळी आहे, फतेहगंजचा कट्टा आहे, विश्वामित्रीतल्या मगरी आहेत. ऑगस्ट २०२४च्या पुरात तुमच्यापैकी कोणाच्या घरात पाणी शिरलं असेल, तर त्याच्याच आईने त्या रात्री काय काय माळ्यावर टाकलं, ते लिहा. कडवी दोन, धृपद तीनदा, आणि सगळं अडीच मिनिटांत संपवा.