बाटलीतली वाढ आणि करडांचं पोट

करडांच्या वजनवाढीसाठी कुठली हर्बल पावडर चांगली, हा प्रश्न एवढ्यांदा आला आहे की या वेळी दुसरं काही घेतलेलंच नाही.

तीन दिवसांच्या करडाला दुधातून पावडर द्यावी का? (पेडणे)

नाही. चीक आणि आईचं दूध, बस्स. चीक मात्र जन्मल्यावर पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे.

शेवग्याचा पाला चालेल? (वाळपई)

चालेल, फणसाचाही. दोन-तीन आठवड्यांचं करडू आपणहून पाला चघळू लागतं. थोडा थोडा वाढवत न्या. घाणेरीला तोंड लावू देऊ नका, ती विषारी आहे.

दोन महिन्यांची करडं वाढत नाहीत, केस राठ झालेत, मधूनमधून हगवण. दुकानदाराने लिव्हर टॉनिक दिलं. आठ दिवस झाले, फरक नाही. तो म्हणतो महिनाभर द्या. (सांगे)

महिनाभर थांबलात तर टॉनिक प्यायला करडू उरेल का, हे त्याला विचारा! या वयात, त्यात पावसाळ्यातल्या ओल्या गोठ्यात, पहिला संशय कॉक्सिडियाचा. हा एकपेशीय परजीवी आतड्याचं अस्तर खातो. नेहमीच्या जंताच्या औषधाने तो मरत नाही, म्हणून लोक ‘जंताचं औषध दिलं, गुण नाही’ म्हणत पुन्हा बाटलीकडे वळतात. दुसरा संशय रक्त पिणाऱ्या गोलकृमीचा. त्यात हगवण नसतेही. खालची पापणी उलटून बघा: लालसर हवी. पांढरी पडली असेल किंवा जबड्याखाली सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एरवीही सकाळची ताजी लेंडी स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी तपासायला द्या. औषध कोणतं आणि किती, हे तपासणी आणि वजन पाहूनच ठरतं. तोवर पाणी तोडू नका, करडं मोठ्या शेळ्यांपासून वेगळी आणि कोरड्या जागी ठेवा. टॉनिकने भूक थोडी वाढेलही, पण ती वाढ जंतांच्याच पोटात जाणार. आणि ज्या बाटलीवर ‘शंभर टक्के हर्बल’ ठळक, पण घटकांचं प्रमाण, वजनानुसार मात्रा किंवा मुदत नाही, ती दुकानातच राहू द्या.

शेजारी म्हणतात, पळसाच्या बिया दिल्या की जंत पडतात. (काणकोण)

पळसाच्या बिया जंतांवर देतात हे खरं. पण किती? 5 किलोच्या करडाला आणि 30 किलोच्या शेळीला एकच मूठ? झाडाचं आहे म्हणून अपाय नाही, असं नसतं. पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

रस काढलेल्या काजूच्या बोंडूंचा चोथा खुराक म्हणून? (डिचोली)

करडांना नको. आंबलेला चोथा पोटभर खाल्ला की पोट बिघडतं, फुगतं.

प्रतिकारशक्तीची पावडर चालू आहे, मग पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस लागेल? (फोंडा)

लागेल. साधारण तीन महिन्यांनंतर देतात. दिवस जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारून घ्या, आणि करडं आजारी असतील तर तेही आधीच सांगा.