इंडोनेशियात मुलांना इस्लामी शाळेत घालताना

ताई, सुराबायाला आल्यावर मुलांना इस्लामी शाळेत घातलं तर खरंच वळण लागेल, की नुसतं पाठांतर होईल, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलं इथल्याच अशा शाळेत शिकली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मदरसा इब्तिदाइया ही इथल्या धर्म मंत्रालयाखालची सहा वर्षांची प्राथमिक शाळा. तिथे गणित-विज्ञान सगळं शिकवतात. दुसरी 'इस्लाम तरपादू', म्हणजे एकात्मिक इस्लामी शाळा: खासगी, दिवसभराची, बहुधा महाग. तिसरा मार्ग म्हणजे सकाळी सरकारी शाळा आणि दुपारी दिनिया मदरसा, म्हणजे फक्त धर्मशिक्षणाची शाळा. 2017 साली सरकारने पाच दिवसांच्या दिवसभर शाळेचा घाट घातला, तेव्हा नहदतुल उलमा या इथल्या मोठ्या मुस्लिम संघटनेने या दुपारच्या मदरशांसाठीच कडाडून विरोध केला होता. शिकवणं इंडोनेशियन भाषेत, त्यामुळे तुमच्या नऊ वर्षांच्या थोरल्याला सुरुवातीला जड जाईल. वर्ष जुलैत सुरू होतं.

आता वळणाचं. सकाळी दुहाची नमाज, म्हणजे आपली चाश्त, दुपारी जमातीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून, जोहरची नमाज, कुराणाच्या तिसाव्या पाऱ्याचं हिफ्ज, म्हणजे पाठांतर, शुक्रवारी इन्फाकचा, म्हणजे दानाचा डबा, हे बहुतेक शाळांत असतं. खरी शाळा कळते ती जोहरच्या आधी. मुली दप्तरातून मुकेना, म्हणजे नमाजचा सैल झगा, काढून डोक्यावरून घालतात, बूट ओळीत लावतात, वजूच्या नळावर मोठी मुलं धाकट्यांना पुढे सोडतात आणि बाई त्यांच्याच सफेत, म्हणजे नमाजच्या रांगेत, उभ्या राहतात. शाळा बघायला याच वेळी जा. शिक्षक बाजूला उभे राहून नुसते ओरडत असतील, तर त्या शाळेचा नाद सोडा.

बऱ्याच शाळा घरच्या इबादतीची वहीही देतात: पहाटेची फजर पढली, कुराण वाचलं, आईला मदत केली. रोज खुणा करायच्या, खाली पालकांची सही. मूल झोपून राहिलं असताना खूण केलीत, तर खोटं बोलायला तुम्हीच शिकवलंत. चौकट रिकामी ठेवा. माझ्या मुलीने तशी वही नेली तेव्हा बाई रागावल्या नाहीत. रात्री किती वाजता झोपतेस, एवढंच त्यांनी विचारलं. अशी बाई मिळाली तर फी थोडी जास्त असली तरी मागे हटू नका.

तुम्ही हनफी पंथाचे आहात, म्हणून एक गोष्ट मुलांना निघण्याआधीच सांगा: इथे शाफई पंथाची पद्धत आहे. फजरला कुनूत, म्हणजे उभं राहून केलेली खास दुआ, पढतात; असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ लवकर लागते. शाळेत इमामामागे सगळ्यांबरोबर पढायचं, हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं.