‘सॅक्रमेंट घेतला’ म्हणजे नक्की काय घेतलं? संस्कार, विधी की प्रभुभोजन

प्रश्न थोडक्यात असा आहे: अठराव्या शतकातल्या इंग्लंडवरचा मजकूर मराठीत करताना एक वाक्य अडलंय. त्यातल्या एका गृहस्थाला सरकारी पद मिळतं आणि मग तो चर्चमध्ये जाऊन ‘सॅक्रमेंट घेतो’. डिक्शनरीत सॅक्रमेंटला ‘संस्कार’ दिलंय म्हणून ‘त्याने संस्कार घेतले’ असं लिहिलं, पण वाचताना त्याची मुंज लागल्यासारखं वाटतं. शिवाय अँग्लिकन चर्चचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, सॅक्रमेंट एके ठिकाणी दोन म्हटलेत आणि दुसरीकडे सात, तर खरं कुठलं?

आधी वाक्य सोडवू. त्या काळच्या इंग्रजीत नुसतं ‘सॅक्रमेंट घेतला’ म्हटलं की त्याचा अर्थ एकच, होली कम्युनियन घेतलं. म्हणजे आपल्याकडचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती ज्याला प्रभुभोजन म्हणतात ते, भाकर आणि द्राक्षारस. तेव्हा सरळ ‘त्याने प्रभुभोजन घेतलं’ लिहा. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण वाचकाला वाटेल माणूस फार धार्मिक होता, पद मिळालं म्हणून देवाचे आभार मानायला गेला. तसं काही नाही. 1673 च्या टेस्ट अ‍ॅक्टप्रमाणे सरकारी पद घेणाऱ्याला तीन महिन्यांच्या आत चर्च ऑफ इंग्लंडच्या रीतीने प्रभुभोजन घ्यावंच लागायचं, आणि ते घेतलं याचं पाद्री आणि चर्चवॉर्डन (चर्चचा कारभार बघणारा गावातला माणूस) यांच्या सहीचं सर्टिफिकेट कोर्टात दाखवावं लागायचं. उद्देश हा की कॅथलिक माणूस पदावर येऊ नये. नगरपालिकांच्या पदांसाठी 1661 पासूनच असा नियम होता, तिथे निवडीच्या आधीच्या वर्षभरात प्रभुभोजन घेतलेलं असायला हवं. मग काय, जे इतर पंथांचे प्रोटेस्टंट होते त्यातले काहीजण वर्षातून एकदा अँग्लिकन चर्चमध्ये येऊन भाकर खाऊन जायचे आणि बाकी रविवार आपल्या पंथाच्या प्रार्थनागृहात. 1697 साली लंडनचा लॉर्ड मेयर सर हम्फ्री एडविन याने तर एकाच रविवारी दोन्हीकडे हजेरी लावली, त्यावरून केवढा गदारोळ झाला, पुढे 1711 मध्ये पदासाठी असं दोन्हीकडे जाण्याविरुद्ध कायदाच आला आणि तो 1719 मध्ये रद्दही झाला. मूळची अट मात्र 1828 पर्यंत कायद्यात राहिली. तुमच्या गृहस्थाचं ‘सॅक्रमेंट घेणं’ हे या खात्यातलं आहे, त्यामुळे मी तर ‘कायद्याप्रमाणे चर्चमध्ये जाऊन प्रभुभोजन घेऊन आला’ असं लिहीन, एक शब्द जास्त गेला तरी चालेल.

आता दोन का सात. दोन्ही बरोबर, आणि ही गल्लत नाहीये, चर्चने ते मुद्दामच तसं ठेवलंय असं माझं मत. चर्च ऑफ इंग्लंडची मतं ज्या 39 कलमांत मांडलीत (1571 ची) त्यातलं पंचविसावं कलम म्हणतं की ख्रिस्ताने स्वतः नेमून दिलेले सॅक्रमेंट दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आणि लगेच पुढे म्हणतं की ‘ज्यांना सॅक्रमेंट म्हटलं जातं’ ते इतर पाच, म्हणजे कन्फर्मेशन (बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी बिशपसमोर विश्वास पक्का करणं), पापकबुली, पाद्रीपदाची दीक्षा, विवाह आणि रुग्णाला तेल लावणं, हे त्या दर्जाचे नाहीत. आता ‘म्हटलं जातं’ याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. लो चर्चवाल्यांनी, म्हणजे प्रोटेस्टंट वळणाच्या अँग्लिकनांनी, म्हटलं बघा, पाच बाद. हाय चर्चवाल्यांनी, म्हणजे कॅथलिक रीतींकडे झुकणाऱ्या अँग्लिकनांनी, म्हटलं बघा, म्हटलं तर जातंय ना, दोन मोठे आणि पाच छोटे. 1604 मध्ये मुलांच्या प्रश्नोत्तरीत सॅक्रमेंटचा भाग जोडला तिथेही उत्तर आहे की दोनच, पण ‘तारणासाठी सर्वसाधारणपणे आवश्यक’ असे दोनच. सर्वांना लग्न करायची किंवा पाद्री व्हायची गरज नसतेच, त्यामुळे हे वाक्यही दोन्ही बाजूंना चालतं.

त्याच प्रश्नोत्तरीत व्याख्याही आहे, आत मिळणाऱ्या आत्मिक कृपेची बाहेर दिसणारी खूण, आणि ती ख्रिस्ताने नेमलेली. तुमच्या ‘संस्कार’ या शब्दाची अडचण इथे नीट दिसते. आपल्याकडे संस्कार माणसावर होतो आणि बहुधा आयुष्यात एकदा. बाप्तिस्म्याला हे फिट बसतं, तो एकदाच होतो, इतका की आधी झालाय की नाही याची खात्री नसेल तर पाद्री ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून पाणी ओततो. पण प्रभुभोजन परत परत घ्यायचं असतं, 1662 च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे (हे चर्चचं उपासनेचं अधिकृत पुस्तक) वर्षातून किमान तीनदा आणि त्यातलं एक ईस्टरला, हल्ली तर बऱ्याच ठिकाणी दर रविवारी. शिवाय ते माणसावर ‘होत’ नाही, माणूस ते घेतो, हात पुढे करून. म्हणून सातांच्या यादीचं एकत्र नाव द्यायचं तेव्हा ‘संस्कार’ चालेल, कॅथलिक मराठीत तो रुळलेलाच आहे, पण प्रत्यक्ष प्रसंग सांगताना बाप्तिस्मा, प्रभुभोजन असं नावाने म्हणावं, नाहीतर ‘विधी’ म्हणावं.

‘संस्कार’ वापरलात तर दोन खड्डे मात्र सांभाळा. एक, सातांपैकी जे रुग्णाला तेल लावणं आहे त्याला ‘अंत्यसंस्कार’ लिहू नका, मराठी वाचक थेट स्मशानात पोचेल. चर्चमधला दफनविधी दोनांतही नाही आणि सातांतही नाही. दोन, विवाह. आपल्याकडे विवाह म्हणजे संस्कारांतला मोठा संस्कार, पण 39 कलमांत त्याला फक्त बायबलमध्ये मान्य असलेली जीवनावस्था म्हटलंय. म्हणजे ‘चर्चमध्ये लग्न झालं, सॅक्रमेंट झाला’ असं एखादा लो चर्चचा अँग्लिकन म्हणणारच नाही. आणि हो, ख्रिसनिंगला ‘बारसं’ करू नका. पाद्री धर्ममातापित्यांना मुलाचं नाव विचारतो हे खरं, पण पाणी आणि कपाळावरचा क्रूस राहतो बाजूला आणि वाचकाला पाळणा दिसायला लागतो.

प्रभुभोजनावर जरा जास्त बोलतो कारण सगळी खेचाखेच त्यावरच झाली. भाकर हातात देताना पाद्री काय म्हणतो ते बघा. 1549 च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकात तो म्हणायचा, तुझ्यासाठी दिलेलं प्रभू येशू ख्रिस्ताचं शरीर तुझं शरीर आणि आत्मा सार्वकालिक जीवनासाठी राखो. यात भाकर म्हणजेच शरीर असं ऐकू येतं. 1552 मध्ये सुधारणावाद्यांचा जोर झाला, ते वाक्य गेलं आणि आलं, हे घे आणि खा, ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण ठेवून. आता नुसती आठवण. 1559 मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडली आणि 1662 मध्येही तशीच ठेवली! वेदीसमोरच्या कठड्यापाशी शेजारी शेजारी गुडघे टेकलेले दोघेजण आपापल्याला पटेल तेवढं ऐकून घरी जाऊ शकत होते. माझ्या मते अँग्लिकन स्वभाव समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. अर्थात भाकरीचं मूळ द्रव्यच बदलतं हे कॅथलिक मत अठ्ठाविसाव्या कलमात साफ नाकारलंय, तिथे संदिग्धता नाही, आणि टेस्ट अ‍ॅक्टमध्ये तर ते मत नाकारल्याच्या घोषणेवर सहीसुद्धा करावी लागायची. पण मग नेमकं काय होतं हे सांगताना कलम म्हणतं, ख्रिस्ताचं शरीर दिलं-घेतलं जातं, फक्त स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने. पुन्हा तेच, जागा मोकळी. उरलेली अर्पित भाकर आजाऱ्यांसाठी चर्चमध्ये ठेवावी की तिथेच संपवावी यावरून तर विसाव्या शतकातही भांडण झालं, पार्लमेंटने 1927 आणि 1928 असं दोनदा नवं प्रार्थनापुस्तक नाकारलं त्यातलं हे एक मोठं कारण होतं.

मराठीशी याचा संबंध आहे का, तर आहे. पुण्याचं पंच हौद मिशन सगळ्यांना 1890 च्या चहामुळे माहीत असतं, टिळक-रानड्यांच्या प्रायश्चित्तामुळे. पण ते मिशन अँग्लिकन होतं आणि तेही हाय चर्चच्या टोकाचं, काउली फादर्स या अँग्लिकन संन्यासी संघाचं. म्हणजे प्रोटेस्टंट म्हणावं तर फादर, मठ, पापकबुली हे सगळं तिथे सापडायचं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेजला झाला तोही अशाच हाय चर्चच्या सिस्टर्सकडे राहत असताना, आणि त्यानंतर चर्चच्या शिकवणुकीवरून त्यांचे त्या सिस्टर्सशी पत्रांतून चांगलेच वाद झाले. तेव्हा त्या वर्तुळातला मजकूर भाषांतर करत असाल तर सात संस्कार म्हणायला हरकत नाही, पण इव्हँजेलिकल, म्हणजे लो चर्चच्या वळणाच्या, मिशनवाल्यांच्या मजकुरात तेच लिहिलंत तर चुकेल. (गोव्याचे शब्द त्यात मिसळू नका हेही सांगून ठेवतो, कुमसार म्हणजे पापकबुली आणि कुमगार म्हणजे कम्युनियन हे गोड शब्द पोर्तुगीज कॅथलिक वाटेने आलेत, इंग्लंडातल्या गृहस्थाच्या तोंडी ते विचित्र वाटतील.)

आजच्या मजकुरासाठी विचारत असाल तर अजून एक गोष्ट. आपल्याकडची जुनी अँग्लिकन चर्चेस 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली, आणि त्यात बॅप्टिस्टही होते ज्यांना तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मान्य नाही. म्हणून तिथे दोन्ही रीती चालतात, लहानपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली, किंवा लहानपणी फक्त समर्पण (बाळाला चर्चमध्ये नेऊन देवाला वाहणं, पाण्याशिवाय) आणि मोठेपणी बाप्तिस्मा. त्यामुळे ‘बाळाला चर्चमध्ये नेलं’ एवढंच मूळ मजकुरात असेल तर आपल्या मनाने बाप्तिस्मा घालू नका, आधी मागचंपुढचं वाचून बघा.