साम्य अहवाल, गायब संदर्भ आणि उशिरा येणारे शिक्षक

सत्र संपत आलं की माझ्यासारख्या ग्रंथपालाकडे तेच ते प्रश्न येतात. काहींना एका ओळीत उत्तर पुरतं, एकाला पुरणार नाही.

प्रश्न : गूगल स्कॉलरवर हवा तो लेख सापडला, पण डाउनलोडसाठी पैसे मागतात. भरू का? (विद्यार्थिनी)

नाही. आधी ग्रंथालयात विचारा. वर्गणी भरलेली असेल, नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतो का ते कळेल.

प्रश्न : साम्य अहवालात किती टक्के आले तर चौर्य समजायचं? (प्राध्यापक)

साम्य अहवाल म्हणजे सॉफ्टवेअरने तुमच्या लेखनाची इतर मजकुराशी केलेली तुलना. त्यातला टक्का फक्त जुळणारा मजकूर मोजतो, चोरी नाही. आठ टक्क्यांत आख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो आणि तीस टक्क्यांत नुसती अवतरणं व संदर्भसूची. अहवाल उघडून वाचावा लागतो, त्याला पर्याय नाही. 'टक्का कमी करून देतो' म्हणणारे शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालतात. म्हणजे चोरी तशीच, वर लपवाछपवी. मर्यादेचा नियम तुमच्या विद्यापीठाचा काय आहे, ते ग्रंथपालांसोबत बसून पाहा.

प्रश्न : प्रथम वर्षाला सुरुवातीलाच ग्रंथपालांनी एक तास घेतला होता. तरी मुलं विकिपीडियाच उतरवून आणतात. आणखी काय करायचं? (प्राध्यापिका)

तो तासच मुळात चुकीच्या वेळी होता. मुलांच्या हाती तेव्हा विषय नाही, प्रकल्प नाही, शोधायचं काय? शिवाय बहुतेक वेळा शिक्षक त्या तासाला नसतात. ज्या तासाला आपले शिक्षक येत नाहीत त्याला गुण नाहीत, हे मुलं बरोबर ओळखतात.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने, एसीआरएलने, २०१६ साली माहिती साक्षरतेची, म्हणजे माहिती शोधून पारखून वापरण्याची, जी चौकट स्वीकारली तिच्यात सहा संकल्पना आहेत. एखाद्या स्रोताचा अधिकार कशावरून ठरतो, संशोधन म्हणजे प्रश्नातून प्रश्न कसा निघतो, अशा. कपाटं कुठे आहेत हे त्यांत एकही नाही. हे एका तासात शिकवता येत नाही, आणि एकट्या ग्रंथपालाला तर नाहीच.

म्हणून प्रकल्प वर्गात देण्याआधी त्याचा मसुदा मला दाखवा. 'समाजमाध्यमे आणि तरुण, वीस संदर्भ द्या' असं लिहिलंत तर वीस न वाचलेले संदर्भ मिळतील. त्याऐवजी पाच मागा. प्रत्येक का निवडला ते दोन ओळींत, आणि एक नाकारलेला, कारणासह. कोणते शब्द वापरून कुठे शोधलं आणि मग शब्द का बदलले, याचीही नोंद मागा. विषय ठरला की त्याच आठवड्यात तास ठेवा आणि दोघं उभे राहू. त्या क्षेत्रात कोणता वाद चालू आहे, कोणाचं काम टाळून चालणार नाही, हे तुम्हाला ठाऊक. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत हार्ट अटॅकवरचे लेख 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या विषयशीर्षकाखाली लावलेले असतात, हे मला. संदर्भसूचीचा कच्चा खर्डा अंतिम निबंधाआधी तपासून त्याला गुण द्या. गुण नसतील तर बाकी सगळं व्यर्थ. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात 'मुलांना जरा शोधायला शिकवा हो' म्हणत येऊ नका.

प्रश्न : चॅटजीपीटीने दिलेला एक संदर्भ कुठेच सापडत नाही. (विद्यार्थी)

बहुधा तो लेख नाहीच. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकून पाहा, शीर्षक अवतरणचिन्हांत शोधा. सापडला तरी उघडून वाचा. तुम्ही त्याच्या तोंडी घातलेलं तो म्हणतोय का? लेख मागे घेतलेला नाही ना, तेही बघा. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा 'लॅन्सेट'मधला १९९८चा लेख २०१० साली मागे घेतला गेला, तरी त्याचे दाखले थांबलेले नाहीत. शंका असेल तर संदर्भ गाळा, किंवा घेऊन या.

प्रश्न : एका जर्नलचा ईमेल आलाय, तीन दिवसांत लेख छापतात. शुल्क भरावं का? सहकारी म्हणतात, चालतं. (प्राध्यापक)

तीन दिवसांत तज्ज्ञांकडून तपासणी होत नाही. शुल्क घेणारी चांगली नियतकालिकंही आहेत, पण ती असं गळ घालत फिरत नाहीत. डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या यादीत नाव पाहा, संपादक मंडळातल्या एखाद्याला थेट विचारा. पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना भेटा; भरल्यावर आम्ही काही करू शकत नाही.

प्रश्न : सोमवारी प्रकल्प द्यायचाय. संदर्भसूची कोणत्या शैलीत लिहू? (विद्यार्थिनी)

शिक्षकांना विचारा, आजच. संदर्भ जमवून सूची करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण चुकीची नोंदही ते तितक्याच नेटकेपणाने मांडतं. प्रत्येक नोंद मूळ लेखाशी ताडून घ्या.