जवळ असूनही मन दुसरीकडे जाते, म्हणजे प्रेम आटले का?

समुपदेशनाच्या खोलीत काही वाक्ये अशी असतात की बोलणारी व्यक्ती बदलली तरी वाक्य तेच राहते. गेल्या काही वर्षांत मी सतत ऐकत आलेले असे एक वाक्य आहे: "जवळ असतानाही मन दुसरीकडेच असतं, म्हणजे आता ओढच उरली नाही, असंच ना?" कधी ते बायको नवऱ्याबद्दल बोलते, कधी नवरा बायकोबद्दल, आणि कधी ज्या व्यक्तीचे मन भरकटते तीच मान खाली घालून स्वतःबद्दल बोलते. यामागची कारणे अनेक असू शकतात. परंतु बऱ्याच जोडप्यांत चौकशी बालपणापर्यंत नेली की दोघांपैकी एकाला लहानपणापासून असलेला, पण कुणीच न ओळखलेला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे कठीण करणारा मेंदूचा विकार, समोर येतो. एडीएचडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाकावर स्वस्थ न बसणारा मुलगा उभा राहतो. तो मुलगा पुढे मोठा होतो, त्याचे लग्न होते, याचा विचार कुणी करत नाही. आणि वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी तर त्या चित्रात नसतेच. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित अंदाज पाहिला तर सुमारे २.५ टक्के प्रौढांना हा त्रास असतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या कार्यालयात, प्रत्येक सोसायटीत अशी माणसे आहेत.

वृंदा आणि केदार यांची हकिगत मी त्यांच्या संमतीने, नावे आणि ओळखीचे तपशील बदलून सांगते आहे. वृंदा तेहतीस वर्षांची, पुस्तकांच्या मांडणीचे काम करणारी. केदार छत्तीस वर्षांचा, बँकेत अधिकारी. लग्नाला सहा वर्षे झालेली, चार वर्षांची मुलगी. पहिल्या भेटीत जवळजवळ सगळे केदारच बोलले. "मॅडम, स्पष्टच सांगतो. मार्चमधली गोष्ट आहे. खूप दिवसांनी आम्ही जवळ आलो होतो, आणि मध्येच ही मला विचारते, 'दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलंस का रे?' मी कूस बदलून झोपलो. त्यानंतर आजवर मी हिला हात लावलेला नाही."

वृंदा ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. ती एवढेच म्हणाली, "मी मुद्दाम नाही विचारलं."

भेट संपल्यावर पुढची तारीख केदार यांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये नोंदवली आणि मला म्हणाले, "हिच्या लक्षात राहणार नाही, मीच आठवण करीन." वृंदाने काही उत्तर दिले नाही. ते वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले, कारण या घरातील दुखणे पातेल्याहून जुने असावे, असे मला तेव्हाच वाटले.

पुढच्या भेटीत मी वृंदाला एकटीला बोलावले. बोलणे पहिलीपासून सुरू झाले. तिच्या आईने प्रगतिपुस्तके जपून ठेवली होती आणि जवळपास प्रत्येक वर्षी शेरा एकच होता: हुशार आहे, पण लक्ष नसते. महाविद्यालयात सगळी कामे अखेरच्या रात्री झाली. आवडीचे मुखपृष्ठ हाती असले की चार-चार तास मान वर होत नसे, चहा निवून जाई. विजेचे बिल मात्र दर दोन महिन्यांनी राहून जाई. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिला केदारशिवाय काही सुचत नव्हते आणि मग एके दिवशी ती लाट ओसरली. रोजची गर्भनिरोधक गोळी ती विसरायची. दोन वेळा आपत्कालीन गोळी घ्यावी लागली आणि एकदा गर्भपात करून घ्यावा लागला. केदार यांनी त्याला हलगर्जीपणा म्हटले होते. वृंदा म्हणाली, "तो चुकीचं काय बोलला? मी आहेच तशी."

मी निदान करत नाही, ते माझे काम नाही. मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्याबरोबर थायरॉइडची तपासणी तसेच स्त्रीरोगतज्ज्ञांची भेटही सुचवली, कारण थकवा, नैराश्य किंवा संबंधांच्या वेळी होणाऱ्या वेदना यांनीही मन असेच दूर पळते आणि ते आधी वगळायला हवे. प्रौढपणी एडीएचडीचे निदान करताना लक्षणांची सुरुवात बारा वर्षांच्या वयाआधी झाल्याच्या खुणा शोधाव्या लागतात. आईने जपलेली प्रगतिपुस्तके तिथे उपयोगी पडली. निदान निश्चित झाले.

निदानानंतर सगळे सुरळीत होईल, असा अनेकांचा समज असतो. इथे उलटे झाले. केदार आता म्हणू लागले, "म्हणजे हा आजारच आहे, तर माझ्या वाट्याला हेच कायमचं?" मीही सुरुवातीला नेहमीचा सल्ला दिला होता: आठवड्यातील एक रात्र फक्त दोघांसाठी ठेवा. त्या ठरलेल्या रात्री वृंदा संध्याकाळपासून धास्तावलेली असे आणि केदार तिचा चेहरा न्याहाळत राहत. तीन आठवड्यांनी त्यांनी ते सोडून दिले, आणि माझा सल्ला चुकला हे मी त्यांच्याजवळ कबूल केले.

मी डॉ. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या मुशीत तयार झाले आहे. घटनेने माणूस जितका अस्वस्थ होतो, त्याहून अधिक तो त्या घटनेविषयी मनाशी जे बोलतो त्याने होतो, यावर माझा विश्वास आहे, आणि पंचवीस वर्षांच्या कामानंतर तो वाढलाच आहे. म्हणून सहाव्या भेटीत मी दोघांनाही समोर बसवून पुन्हा मार्चच्या त्या रात्रीकडे गेले.

मी विचारले, "वृंदा, दुधाचा विचार मनात आला, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं?"

"पंखा कुरकुरत होता. मग स्वयंपाकघरातला दिवा चालू राहिला असेल असं वाटलं, दिव्यावरून ओटा आठवला, ओट्यावरून पातेलं."

"किती वेळ लागला याला?"

"दोन सेकंद असतील."

"आणि त्यानंतर?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मी घाई केली नाही. मग ती म्हणाली, "त्यानंतर मी स्वतःला ओरडत होते. आता तरी लक्ष दे, निदान आत्ता तरी. नवरा जवळ आहे आणि तुला पातेलं सुचतंय, तू बाई आहेस की कोण आहेस? त्याची पाठ दिसत होती आणि मी रात्रभर तेच म्हणत होते."

केदार यांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिले. "मला वाटलं, तुला काहीच वाटलं नाही. तू लगेच डोळे मिटलेस."

"रडू ऐकू जाऊ नये म्हणून मिटले रे."

त्या क्षणी मला जे उमगले ते आजवर अनेक जोडप्यांच्या उपयोगी पडले आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. मन दोन सेकंद भरकटले होते. ते आपण होऊन परतही आले असते, कारण मन परत येतच असते. परंतु 'लक्ष टिकलेच पाहिजे, नाहीतर मी बायको म्हणून नालायक' या तिच्या हट्टाने आणि 'खरे प्रेम असेल तर मन जाताच कामा नये' या केदार यांच्या हट्टाने परतीची वाट बंद केली होती. एडीएचडीमुळे लक्ष उडाले, हे खरे. पण पाच महिन्यांचा दुरावा एडीएचडीने आणला नव्हता. आम्ही त्या दिवशी ठरवले की मन गेले की वृंदाने शरमून लपवायचे नाही, केदार यांच्या मनगटावर बोटाने हलकेच टिचकी द्यायची. त्या टिचकीचा अर्थ एवढाच, 'गेले होते, आले.' केदार यांनी त्यावर काही बोलायचे नाही, फक्त थांबायचे.

दुसरी गाठ अधिक जुनी होती आणि ती वृंदानेच सोडवली. ती केदार यांना म्हणाली, "दिवसभर तू मला बिलाची आठवण करतोस, किल्ल्या दाखवतोस, डब्याचं विचारतोस. तू काळजीनं करतोस हे कळतं मला. पण रात्री तूच जवळ येतोस तेव्हा मला बाबा खोलीत आल्यासारखं वाटतं." या वाक्याने केदार दुखावले, आणि ते साहजिकच होते, गेली चार वर्षे ते दोघांच्या वाटणीचे लक्षात ठेवत होते आणि थकले होते. पण ज्याच्याकडून दिवसभर सूचना ऐकायच्या त्याच्याविषयी रात्री ओढ वाटणे कठीण असते, आणि जिला दिवसभर सांभाळायचे तिच्याकडे जोडीदार म्हणून पाहणेही तितकेच कठीण. एडीएचडी असलेल्या माणसाच्या संसारात पालक आणि मूल हे नाते नकळत तयार होते, आणि माझ्या अनुभवात शयनगृहातील निम्म्या तक्रारींचे मूळ तिथे असते. त्यामुळे आठवणींचे काम माणसाकडून काढून गजर, भिंतीवरचा फळा आणि बँकेची आपोआप बिलभरणी यांच्याकडे सोपवणे हा मी लैंगिक आरोग्याचाच उपचार मानते.

उरलेले बदल साधे होते. कुरकुरणारा पंखा दुरुस्त झाला. हलका स्पर्श वृंदाला गुदगुल्यांसारखा त्रासदायक वाटतो आणि घट्ट मिठी शांत करते, हे तिने सहा वर्षांत कधी सांगितलेच नव्हते. संवेदना अशा तीव्र असणे एडीएचडीत पुष्कळदा आढळते. रात्री अकराला थकलेल्या मेंदूकडून एकाग्रतेची अपेक्षा धरण्याऐवजी मुलगी आजीकडे असतानाची रविवारची दुपार त्यांनी निवडली. तिचे मिथिलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध सकाळी घेतल्यावर दुपारी काम करत असे आणि रात्रीपर्यंत उतरलेले असे, हेही त्यामागे होते. रोजच्या गोळीऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिने तांबी बसवून घेतली. दहा वर्षांपर्यंत चालणारी तांबी उपलब्ध असताना, विसरणे हेच जिचे दुखणे आहे तिला रोज आठवणीने गोळी घ्यायला लावणे मला अन्यायाचे वाटते. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये सुरू केले; शंभर वर्षे उलटल्यावरही शिकलेल्या जोडप्यांत हा विषय 'तिची जबाबदारी' म्हणून सोडून दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वृंदाची कहाणी लक्ष उडण्याची आहे. एडीएचडीचा दुसरा पैलू आवेगाचा आहे, आणि तो घेऊन येणारे बहुतेक पुरुष असतात, जरी तो पुरुषांपुरता नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात असे दिसले की एडीएचडी असलेल्या प्रौढांत कामेच्छा सरासरीपेक्षा अधिक, समाधान मात्र कमी आणि लैंगिक तक्रारी अधिक असतात. मेंदूला नावीन्याची आणि तत्काळ मिळणाऱ्या सुखाची भूक असते आणि थांबण्याचा क्षण निसटतो. त्यातून रात्र-रात्र अश्लील चित्रफिती पाहणे, ओळख नीट होण्याआधीच संबंध, निरोधाशिवाय संबंध आणि त्यातून नको असलेली गर्भधारणा किंवा संसर्ग, असे धोके वाढतात. अशा व्यक्तीला मी आधी विचारते की नोकरी, झोप, नाते यांचे नुकसान होते आहे का, की केवळ आपण घाणेरडे आहोत असे वाटते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तन हा विकार नोंदवलेला आहे, परंतु नुसत्या नैतिक अपराधभावनेवरून ते निदान करू नये असेही त्यात स्पष्ट केले आहे. ज्याचे नुकसान खरेच होते आहे त्याने निश्चयाच्या बळावर विसंबू नये. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा, निरोध पाकिटात कायम असू द्यावा, शांत असताना घेतलेला निर्णय आवेगाच्या वेळी उपयोगी पडेल अशी तजवीज करावी. असुरक्षित संबंध घडलाच तर लाजेत दिवस घालवू नयेत: आपत्कालीन गोळी आणि एचआयव्ही टाळण्याचे औषध या दोन्हींसाठी पहिल्या ७२ तासांत पावले उचलावी लागतात, जितके लवकर तितके चांगले, आणि सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी (समुपदेशन व तपासणी) केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य व गोपनीय होते.

औषधांविषयीही एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती रुग्ण विचारत नाहीत आणि गुपचूप औषध बंद करतात. अ‍ॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधाने काहींची इच्छा कमी होते किंवा ताठरतेची अडचण येते. सोबत नैराश्याचे औषध चालू असेल तर कामपूर्तीला उशीर लागू शकतो. मिथिलफेनिडेटने क्वचित दीर्घकाळ, वेदनादायक ताठरता येते. ती चार तासांहून अधिक टिकली तर तातडीने रुग्णालयात जावे लागते. हे सगळे डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे आणि त्यावर मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येते. आणि जोडीदाराने हेही ऐकून ठेवावे की निदान हे विश्वासघाताचे समर्थन नव्हे, तसेच नकोशा स्पर्शाला नाही म्हणण्याचा हक्क त्यामुळे कुणाचाच कमी होत नाही.

वृंदा आणि केदार सात महिने येत होते. अखेरच्या काही भेटींत पातेल्याचा विषय आपोआप मागे पडला. एकदा केदार यांनी सांगितले की रविवारी मनगटावर दोनदा टिचकी आली. दुसऱ्या वेळी दोघेही हसले, आणि त्यानंतरचे त्यांनी मला सांगितले नाही, ते योग्यच होते. शेवटच्या दिवशी त्यांनी तीन महिन्यांनंतरची वेळ मागितली. वृंदाने तिथेच गजर लावला. केदार यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, मोबाइल अर्धा बाहेर आला, आणि मग त्यांनी तो तसाच परत आत ठेवला.